विश्लेषण : रंगभूमीला नको असलेली आस्टा नील्सन मूकपटांची सम्राज्ञी कशी झाली?

डेन्मार्कची अभिनेत्री आस्टा नील्सन हिने १९१० मध्ये पहिला चित्रपट केला, तेव्हा तिला चित्रपटात नाव कमवायचे नव्हते. कोपनहेगनच्या नाट्यव्यवस्थापकांनी आपले काम पाहावे आणि एखादी बरी भूमिका द्यावी, एवढीच अपेक्षा होती. हेतू साधला नाही, पण चित्रपट युरोपभर गाजला आणि पुढच्या दोन वर्षांत ती युरोपातील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या कलाकारांत गणली जाऊ लागली. कारकीर्दीतील ७४ चित्रपटांपैकी ७० तिने जर्मनीत केले. मायदेशात केवळ चार. असे का झाले आणि पडद्यावरील अभिनयाचा विचार करताना तिचे नाव आजही का घ्यावे लागते, याविषयी…

आस्टा नील्सन कोण होती?

आस्टाचा जन्म ११ सप्टेंबर १८८१ रोजी कोपनहेगनच्या व्हेस्टरब्रो या कामगारवस्तीत झाला. वडिलांना नियमित काम मिळत नसे, आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवी. रोजगाराच्या शोधात कुटुंब काही वर्षे समुद्रापलीकडे स्वीडनमधील माल्मो येथे राहिले आणि पुन्हा कोपनहेगनला परतले. आस्टा १४ वर्षांची असताना वडील गेले. अशा घरातील मुलीने दुकानात किंवा कारखान्यात काम धरावे, ही रीत होती. आस्टाला मात्र नाटकात जायचे होते. अठराव्या वर्षाच्या सुमारास तिला रॉयल डॅनिश थिएटरच्या अभिनयशाळेत प्रवेश मिळाला आणि पीटर येर्नडॉर्फ या त्या काळच्या नामांकित नटाने तिला शिकवले.

शिक्षण सुरू असतानाच, १९०१ मध्ये तिला मुलगी झाली. तिचे नाव येस्टा. लग्न झालेले नव्हते. मुलीचा पिता कोण, हे आस्टाने कधीच सांगितले नाही. आई आणि बहिणीच्या मदतीने तिने मूल वाढवले आणि शिक्षणही पूर्ण केले. विसाव्या शतकाच्या आरंभी एका अविवाहित आईसाठी ही गोष्ट किती अवघड होती, याचा अंदाज करता येतो. पुढे पडद्यावर तिने समाजाने टाकलेल्या किती तरी स्त्रिया उभ्या केल्या. त्यांच्याकडे ती कधी दयेने पाहत नाही, याचे मूळ बहुधा इथेच आहे.

रंगभूमीवर अडले कुठे?

१९०२ पासून आस्टा कोपनहेगनच्या डागमार थिएटरमध्ये काम करू लागली. १९०५ ते १९०७ या काळात तिने फिरत्या नाटक मंडळ्यांबरोबर नॉर्वे आणि स्वीडनचे दौरे केले. नंतर राजधानीतील ‘डेट न्यू टेआटर’ या नव्या नाट्यगृहात तिला जागा मिळाली. काम मिळत होते, पण मोठ्या भूमिका मिळत नव्हत्या. कृश अंगकाठी, काळेभोर मोठे डोळे, गडद केस हे रूप तेव्हाच्या डॅनिश नायिकेच्या कल्पनेत बसणारे नव्हते. शिवाय तिचा आवाज खोल आणि काहीसा असमान होता. रॉबर्ट नायएन्डाम या डॅनिश नाट्य इतिहासकाराने पुढे नेमक्या याच आवाजाकडे बोट दाखवले. पडद्यावर ज्या व्यक्तिमत्त्वाचे मोल अपार ठरले, त्याला रंगमंचावर आवाजामुळे मर्यादा पडल्या, असे त्याचे निरीक्षण होते.

याच नाट्यगृहाशी उर्बान गाड हा तरुणही जोडलेला होता. त्याची आई एमा गाड ही नाटककार आणि उच्चभ्रू वर्तुळातील मोठे प्रस्थ. चारचौघांत कसे वागावे, हे सांगणारे तिचे पुस्तक डेन्मार्कमध्ये आजही प्रसिद्ध आहे. त्या घरातील मुलगा आणि धोबिणीची मुलगी अशी ही जोडी जमली ती कामाच्या निमित्ताने. दोघांनाही आपापल्या जागी पुरेशी संधी मिळत नव्हती. मग गाडने एक कथा लिहिली, दिग्दर्शनही स्वतःच करायचे ठरवले आणि कोपनहेगनमधील कॉस्मोरामा चित्रपटगृहाचा मालक याल्मार डेव्हिडसन याने आठ हजार क्रोनर घातले. त्यातून तयार झाला ‘आफग्रुंडन’. या शब्दाचा अर्थ खोल गर्ता.

‘आफग्रुंडन’मध्ये असे काय होते?

कथा तशी साधी आहे. माग्दा ही पियानो शिकवणारी मुलगी. धर्मगुरूचा मुलगा असलेल्या एका सभ्य तरुणाशी तिचे लग्न ठरते. त्याच्या आईवडिलांकडे गावी गेली असताना तिला सर्कशीतील रुडॉल्फ भेटतो आणि ती त्याच्याबरोबर पळून जाते. रुडॉल्फ तिला फसवतो, ती त्याला सोडू शकत नाही आणि अखेर त्याच्यावर चाकू चालवते. ही भूमिका करणारा पॉल रॉयमर्ट पुढे डॅनिश रंगभूमीचा सर्वांत मोठा नट मानला गेला. आस्टाला जी जागा हवी होती, ती त्याला मिळाली.

१२ सप्टेंबर १९१० रोजी, आस्टाच्या २९व्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी चित्रपट कॉस्मोरामामध्ये झळकला. गाजला तो त्यातील नाचामुळे. एका करमणुकीच्या रंगमंचावर माग्दा रुडॉल्फला दोरखंडाने बांधते आणि त्याच्याभोवती, त्याला खेटून नाचते. आज पाहतानाही त्यातील धिटाई जाणवते. अशा प्रसंगांमुळे आस्टाच्या चित्रपटांना पुढे अनेक ठिकाणी सेन्सॉरची कात्री लागली. अमेरिकेत तर ती या कारणाने फारशी पोहोचलीच नाही.

पण खरे नावीन्य नाचाच्या पलीकडे होते. नाचाच्या प्रसंगात कॅमेरा रंगमंचासमोर, प्रेक्षकांच्या जागी ठेवलेला नाही. तो विंगेत आहे. त्यामुळे नाचणारी माग्दा जशी दिसते, तसा तो रंगमंचही बाजूने, उघडा पडलेला दिसतो. आणि शेवट पाहावा. खून करून झालेली माग्दा पोलिसांबरोबर बाहेर येते. ती आक्रोश करत नाही, कपाळ बडवून घेत नाही, आकाशाकडे हात फेकत नाही. ताठरलेले शरीर, गोठलेला चेहरा आणि कुठेच न पाहणारे डोळे घेऊन चालत राहते. त्या काळी बहुतेक नट कॅमेऱ्यासमोरही शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला दिसावा अशा बेताने अभिनय करत. कॅमेरा हाच पहिल्या रांगेत बसलेला प्रेक्षक आहे, हे आस्टाला कोणी न सांगता उमगले होते. चेहऱ्याचा अगदी जवळून घेतलेला क्लोजअप तेव्हा रुळला नव्हता. ‘आफग्रुंडन’मधील माणसे बहुतांश वेळ पूर्णाकृती दिसतात. तरीही मनातील उलथापालथ कळते, ती खांद्यांच्या झुकावातून, पाठीतून, थबकलेल्या पावलातून.

लहान देशातील अभिनेत्री जगभर कशी पोहोचली?

यात अभिनयाइतकाच व्यवसायाचाही भाग आहे. मूकपटाला भाषा नव्हती. पाट्या बदलल्या की कोपनहेगनचा चित्रपट बर्लिनमध्ये, पॅरिसमध्ये, मॉस्कोत तिथलाच होऊन जाई. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्डिस्क कंपनीमुळे डेन्मार्क तेव्हा चित्रपट निर्यात करणारा मोठा देश होता. चित्रपटांची लांबी वाढवण्यातही डॅनिश निर्माते पुढे होते. एका रिळात संपणाऱ्या दहा-पंधरा मिनिटांच्या चित्रपटांच्या त्या काळात सदतीस-अडतीस मिनिटांचा ‘आफग्रुंडन’ लांबलचक म्हणावा असाच होता.

तोवर चित्रपटाच्या प्रती कापडासारख्या मीटरवर विकल्या जात. ज्याने विकत घेतली त्याने हवी तिथे, झिजेपर्यंत दाखवावी. एकाच गावात शेजारच्या दोन चित्रपटगृहांत एकच चित्रपट लागे आणि दर पडत. जर्मनीत लुडविग गॉटशाल्क या वितरकाने ‘आफग्रुंडन’साठी वेगळी पद्धत वापरली. एका भागात, ठरावीक काळासाठी, एकाच चित्रपटगृहाला हक्क द्यायचा आणि त्याची जादा किंमत घ्यायची. ‘मोनोपोल’ म्हणून ओळखली गेलेली ही पद्धत जर्मनीत रुजवण्यात या चित्रपटाचा मोठा वाटा होता. हक्क महाग झाल्यावर तो वसूल करण्यासाठी जाहिरात आली आणि जाहिरातीसाठी एक चेहरा लागला. चित्रपटगृहाबाहेरच्या फलकांवर आस्टाचे नाव चित्रपटाच्या नावापेक्षा मोठे दिसू लागले ते यातूनच.

१९११ मध्ये आस्टा आणि गाड जर्मनीत गेले. पॉल डेव्हिडसन या निर्मात्याने त्यांच्याशी करार केला. वर्षाला आठ चित्रपट, गाडचे दिग्दर्शन, आस्टा नायिका. चित्रपट तयार होण्याआधीच अख्ख्या मोसमाची मालिका ‘आस्टा नील्सन मालिका’ या नावाने चित्रपटगृहांना विकली जाई. माल अजून नाही, पण त्यावरचे नाव विकले जात आहे, हा प्रकार तेव्हा नवीन होता. आस्टाचे वार्षिक मानधन त्या काळच्या ८० हजार डॉलरइतके असल्याचे सांगितले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भूमिका, वेशभूषा, कथा यांत तिचा शब्द चालत असे.

आणि भूमिका तरी किती तऱ्हेच्या! ‘डी सफ्रागेट’मध्ये ती मताधिकारासाठी लढणारी तरुणी झाली, ‘झापाटास बांडे’मध्ये दरोडेखोराच्या वेशातील नटी. तिशी ओलांडल्यावर ‘एंगेलाइन’मध्ये तिने सतरा वर्षांची मुलगी साकारली, जी काही कारणाने बारा वर्षांची असल्याचे सोंग करते. हा विनोदी चित्रपट पाहिला, की आस्टा केवळ दुःखाची राणी नव्हती हे कळते. पहिल्या महायुद्धात तिची छायाचित्रे खंदकांच्या दोन्ही बाजूंना लावलेली असत, असे म्हणतात. गाडशी तिने १९१२ मध्ये लग्न केले होते. युद्ध सुरू असतानाच दोघे वेगळे झाले आणि १९१८ मध्ये घटस्फोट झाला.

ती जगातील पहिली तारका होती का?

असे अनेकदा लिहिले जाते, पण त्यावर पैज लावू नये. फ्रान्समध्ये माक्स लिंडेर हा विनोदी नट आधीपासून लोकप्रिय होता. अमेरिकेत १९१० मध्येच फ्लोरेन्स लॉरेन्सच्या नावाची धडाक्यात जाहिरात झाली होती. मात्र देशांच्या सीमा ओलांडून, केवळ नावावर गंभीर चित्रपट चालवणारी पहिली अभिनेत्री म्हणून आस्टाचा दावा भक्कम आहे. बेला बालाज या हंगेरियन समीक्षकाने १९२४ मध्ये चित्रपटकलेवरील आपल्या ग्रंथाच्या शेवटी दोनच कलावंतांची शब्दचित्रे रेखाटली. एक चार्ली चॅप्लिनचे, दुसरे आस्टाचे.

हॅम्लेट ही स्त्री होती?

१९२० मध्ये आस्टाने बर्लिनमध्ये स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि पहिल्याच घासाला शेक्सपिअर घेतला. एडवर्ड व्हायनिंग या अमेरिकी अभ्यासकाने १८८१ मध्ये एक अचाट सिद्धांत मांडला होता. हॅम्लेट इतका चाचरतो, सूड लांबवतो, कारण मुळात तो पुरुषवेशातील स्त्री आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी हा सिद्धांत कधीच गंभीरपणे घेतला नाही. अभिनेत्रीला मात्र त्यात सोने दिसले.

स्त्रियांनी हॅम्लेट करणे नवे नव्हते. सारा बर्नहार्टने १८९९ मध्ये तो रंगमंचावर केला होता. पण तिने पुरुष हॅम्लेट केला. आस्टाच्या चित्रपटात राजा युद्धात मारला गेल्याची अफवा येते आणि सिंहासन हातचे जाऊ नये म्हणून राणी नुकत्याच जन्मलेल्या मुलीला मुलगा म्हणून जाहीर करते. राजा जिवंत परततो, पण थाप मागे घेता येत नाही. मुलगी आयुष्यभर राजपुत्र म्हणून जगते, जिवलग मित्र होरेशियोवर मनोमन प्रेम करते आणि ते बोलू शकत नाही. तो ऑफेलियाकडे ओढला जातो. हॅम्लेट मरून पडल्यावर त्याला सत्य कळते, तेही हाताच्या स्पर्शाने. स्वेन गाडे आणि हाइन्झ शाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९२१ मध्ये प्रदर्शित झाला. काळ्या पोशाखातील, आखूड केसांचा हा हॅम्लेट कुठेही पुरुषाची नक्कल करत नाही. सोंग घेऊन जगणाऱ्या माणसाला सतत किती सावध राहावे लागते, ते आस्टा दाखवते. संवाद नसलेला हॅम्लेट ही कल्पनाच हास्यास्पद वाटू शकते. चित्रपट पाहताना तसे वाटत नाही.

त्यानंतरच्या वर्षांत तिने स्ट्रिंडबर्गची मिस ज्युली आणि वेडेकिंडची लुलू या रंगभूमीवरील दोन अवघड नायिका पडद्यावर केल्या. १९२५ मध्ये पाब्स्टच्या ‘डी फ्रॉयडलोज गासे’मध्ये युद्धोत्तर व्हिएन्नातील महागाई आणि उपासमार होती. त्यात तिच्यासोबत एक नवखी स्वीडिश मुलगी होती, ग्रेटा गार्बो. पुढे गार्बो हॉलीवूडची सम्राज्ञी झाली आणि परदेशातील कापलेल्या प्रतींमध्ये आस्टाचाच भाग आक्रसला.

बोलपट आल्यावर काय झाले?

विशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आस्टा जर्मन रंगभूमीकडे वळली होती. कोपनहेगनला नको असलेला आवाज घेऊन ती परक्या भाषेत नाटके करत दौरे करू लागली. बोलपट तिने एकच केला, १९३२ मधील ‘उनम्योग्लिशे लीबे’. त्यात ती मोठ्या मुलींची आई असलेली शिल्पकार आहे, जी उतारवयाकडे झुकताना प्रेमात पडते. आस्टा तेव्हा ५१ वर्षांची होती. तो तिचा अखेरचा कथापट ठरला. महिनाभराने हिटलर सत्तेवर आला.

नाझींना तिचे काय हवे होते?

तिचे नाव. प्रचारमंत्री गोबेल्सने तिला स्वतंत्र स्टुडिओ देऊ केला. तिने नंतर सांगितल्यानुसार, तिला हिटलरसोबत चहाचेही निमंत्रण आले आणि पडद्यावरील तिच्या अस्तित्वाची राजकीय ताकद किती मोठी आहे, हे त्याने तिला समजावण्याचा प्रयत्न केला. त्याचा अर्थ तिला नेमका कळला. तिने नकार दिला. पंचविसेक वर्षे जिथे काढली, तो देश तिने १९३६ मध्ये कायमचा सोडला. बर्लिनमध्ये राहून सुखासीन आयुष्य जगणारे कलावंत कमी नव्हते, हे लक्षात घेतले की या नकाराचे वजन कळते. युद्धाच्या काळात तिने जर्मनीतील एका तरुण डॅनिश व्यक्तीमार्फत तिथल्या ज्यूंना अन्नाची पाकिटे पाठवण्यासाठी पैसे पुरवले. नाझी राजवटीची रोजनिशी लिहिणारे भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर क्लेम्पेरर हे ती मदत मिळालेल्यांपैकी एक होते.

मायदेशाने तिला काय दिले?

फारसे काही नाही. डॅनिश चित्रपटसृष्टीने तिला एकही भूमिका दिली नाही. १९१८ मध्ये चित्रित झालेला ‘मोड लूसेट’ हाच तिचा शेवटचा डॅनिश कथापट राहिला. रंगभूमीवर थोडेफार काम मिळाले, तेवढेच. पन्नाशी उलटलेली, जर्मनीत मोठी झालेली, पडद्यावर नेहमी बदनाम बायका रंगवणारी ही अभिनेत्री नेमकी आपली आहे की नाही, हे जणू देशाला ठरवता येत नव्हते. तिने कोणाच्या दारात जाऊन काम मागितल्याचे चित्र नाही. तिने लिहायला घेतले. १९४५-४६ मध्ये ‘डेन टीएन्डे म्यूज’, म्हणजे ‘दहावी कलादेवता’, हे आत्मचरित्र दोन खंडांत आले. ग्रीक पुराणातील नऊ कलादेवतांत चित्रपटाला जागा नव्हती, ती या नावाने दिली. पुढे ती कापडाच्या तुकड्यांपासून कोलाज चित्रे करू लागली. १९६३ मध्ये जर्मनीने तिला चित्रपट कारकीर्दीसाठी मानाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला. पुढच्याच वर्षी मुलगी येस्टा गेली.

१९६८ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी आस्टाने स्वतःवरील लघुपट स्वतःच दिग्दर्शित केला. १९७० मध्ये, ८८व्या वर्षी तिने कलासंग्राहक आन्डर्स क्रिस्तियान थेडे याच्याशी लग्न केले. वर्तमानपत्रांना त्याचे अप्रूप वाटले, तिला वाटल्याचे दिसत नाही. २५ मे १९७२ रोजी तिचे निधन झाले.

आज तिचे काम कुठे पाहता येते?

तिच्या चित्रपटांपैकी जवळपास निम्मे नष्ट झाले आहेत. सुरुवातीच्या मूकपटांची फिल्म ज्वालाग्राही होती, प्रती जपण्याची रीत नव्हती आणि दोन महायुद्धांत बरेच काही जळाले. तरीही वेळोवेळी काही सापडते. ‘हॅम्लेट’ची रंगछटा दिलेली एक प्रत या शतकाच्या पहिल्या दशकात हाती लागली आणि जर्मनीत तिचे जतन झाले. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये तिच्या चित्रपटांचा मोठा महोत्सव भरवला. जर्मनीच्या हिडन्झे बेटावर ती उन्हाळ्यात जिथे राहायची, ते ‘कारुझेल’ नावाचे गोलाकार घर आता तिचे संग्रहालय आहे.

आवाजही राहिला आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रेडे श्मिट या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याशी ती फोनवर तासन् तास बोलत असे आणि तो ही संभाषणे ध्वनिमुद्रित करून ठेवी. त्यांवर आधारित ‘डेन टालेन्डे म्यूज’ हा माहितीपट २००३ मध्ये आला. नावाचा अर्थ बोलणारी कलादेवता. त्यात म्हातारी आस्टा सहकाऱ्यांची टर उडवते, जुने हिशेब काढते, मध्येच हसते. ‘आफग्रुंडन’ डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या मूकपटांच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो.